वाद, कथा आणि संवाद

इ. स. १८५७ च्या जानेवारींत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर एक विलक्षण सभा भरूं लागली. ठरल्या दिवशीं लोक वाळूंत जमत. एका बाजूस विष्णुबोवा ब्रह्मचारी हे एकतीस-बत्तीस वर्षांचे तेजस्वी वक्ते असत. दुसऱ्या बाजूस ख्रिस्ती मिशनरी असत. आणि सभोंवार श्रोत्यांची दाटी होई. वेदोक्त धर्म खरा कीं ख्रिस्ती धर्म खरा, हा वादाचा विषय. हा वाद मे महिन्यापर्यंत चालला, आणि जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्यानें त्याची हकीकत इंग्रजींत छापून काढली.

त्याच वर्षीं, त्याच मुंबईंत, एक मराठी पुस्तक बाहेर पडलें. त्याचें नांव ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण’. त्याचे कर्ते बाबा पदमनजी त्या वेळीं अवघे पंचवीस-सव्वीस वर्षांचे होते. या पुस्तकांत सभा नव्हती, पंच नव्हते, जयपराजय नव्हता. एक तरुण दांपत्य प्रवासाला निघतें आणि वाटेंत विधवांच्या कहाण्या ऐकतें, एवढेंच त्याचें सूत्र. आज हें पुस्तक मराठींतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून ओळखलें जातें.

किनाऱ्यावरील मिशनऱ्यांचा आणि या तरुण ग्रंथकाराचा हेतु एकच होता. जे ख्रिस्ती नाहींत त्यांच्यापुढें ख्रिस्ती श्रद्धा मांडावी, ही दोघांचीही इच्छा. साधनें मात्र भिन्न. वाद हें एक साधन, कथा हें दुसरें. आणि तिसरें, सर्वांत शांत व सर्वांत कमी नोंदलें गेलेलें साधन म्हणजे दोन माणसांमधील संभाषण. एकोणिसाव्या शतकांत मराठी मुलखांत या तिन्ही साधनांचें काय झालें, हा इतिहास केवळ ख्रिस्ती समाजापुरता नाहीं. दुसऱ्याच्या अंतःकरणाशीं कसें बोलावें आणि बोलतांना कोठें थांबावें, हा प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे. आणि तो प्रश्न कोणत्याही मताच्या प्रचारकास चुकलेला नाहीं.

मुंबईस असा वाद कांहीं नवा नव्हता. १८१३ सालीं अमेरिकन मिशनचे पहिले धर्मोपदेशक मुंबईस उतरले, तेव्हांपासून रस्त्यावर व बाजारांत उभें राहून उपदेश करण्याचा प्रघात पडला होता. १८२९ सालीं स्कॉटलंडहून जॉन विल्सन आले. त्यांनीं येथील भाषांचा कसून अभ्यास केला, आणि १८३१ सालीं मोरभट दांडेकर यांच्याशीं त्यांचा जाहीर वाद झाला. वाद संपल्यावर मोरभटांनीं आपली बाजू ‘हिंदुधर्मस्थापना’ या पुस्तकांत मांडली. विल्सन यांनीं पुढच्याच वर्षीं त्यास छापील उत्तर दिलें. उत्तरास प्रत्युत्तर, प्रत्युत्तरास पुन्हा उत्तर, अशी ही माळ पुढें कित्येक वर्षें लांबत गेली.

या वादांचा एक लाभ निःसंशय झाला. प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं मांडावें, मग त्याचें खंडन करावें, प्रमाण द्यावें, दोष दाखवावा, ही शिस्त शास्त्रीपंडितांच्या संस्कृतांत पूर्वींपासून होती. ती आतां सामान्य वाचकाच्या मराठींत उतरली. मराठी गद्यास युक्तिवादाची सवय लागली. १८४२ सालीं अहमदनगरास अमेरिकन मिशनचें ‘ज्ञानोदय’ पत्र निघालें, आणि या वादांना छापील आखाडा मिळाला.

परंतु प्रतिपक्षाचें मन वळावें, हा वादाचा जो मूळ हेतु, तो क्वचितच साधला. त्याचें कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. चारचौघांत बोलणारा मनुष्य केवळ स्वतःसाठीं बोलत नसतो. आपली जात, आपलें घराणें, आपले गुरु यांच्या वतीनें तो बोलतो. आपल्या बाजूचे शंभर लोक मागें उभे असतां ‘तुमचें हें म्हणणें विचार करण्यासारखें आहे’ असें कबूल करणें म्हणजे त्या शंभरांचा विश्वासघात करणें होय. म्हणून सभेंत प्रत्येक पक्ष आपापल्या भूमिकेवर अधिकच घट्ट होई. विष्णुबोवांच्या श्रोत्यांस विष्णुबोवा जिंकले असें वाटे, मिशनऱ्यांच्या अनुयायांस मिशनरी जिंकले असें वाटे. आणि समुद्र मात्र दोघांसही सारखाच साक्षी राही.

शिवाय धर्मांतर ही त्या काळीं केवळ मताची गोष्ट नव्हती. ती घर फोडणारी गोष्ट होती. १८३९ सालीं मुंबईंत दोन पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें आणि विल्सन यांच्या शाळेंतील मुलें भराभर निघून गेलीं. १८४३ सालीं नारायण शेषाद्रि ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अजाण असल्यामुळें न्यायालयानें त्यास पित्याच्या स्वाधीन केलें. पण मिशनमध्यें राहिलेल्या या मुलास ज्ञातींत परत घ्यावें कीं नाहीं, यावरून ब्राह्मणसमाजांत मोठें काहूर माजलें. बाळशास्त्री जांभेकरांनीं त्याच्या प्रायश्चित्ताची बाजू घेतली, म्हणून त्यांसही स्वजनांचा रोष सोसावा लागला. एका बालकाच्या पानावर कोणी जेवावयास बसावें, हा प्रश्न साऱ्या शहराचा झाला होता. जेथें एका होकाराची किंमत इतकी, तेथें वाळूवरच्या सभेंत तो होकार कोण देणार?

वादासाठीं आलेल्या मनुष्याचें मन पालटल्याचें एक प्रसिद्ध उदाहरण मात्र आहे. नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे काशीस वाढलेले चित्पावन ब्राह्मण. जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यानें १८३९ सालीं ‘मतपरीक्षा’ नांवाचा एक संवादरूप संस्कृत ग्रंथ लिहून त्यांत ख्रिस्ती मताचें समर्थन केलें होतें. नीळकंठशास्त्र्यांनीं विशीच्या आंतबाहेर असतांना ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ लिहून त्याचें खंडन केलें. काशींतील विल्यम स्मिथ या मिशनऱ्याकडे ते गेले तेही त्याचा पराभव करावा याच उद्देशानें. परंतु तेथें सभा नव्हती. एका खोलींत दोन माणसें बोलत होतीं. शास्त्री पुन्हा गेले, पुन्हा बोलले, घरीं येऊन विचार करीत राहिले. हें कित्येक महिने नव्हे, वर्षें चाललें. आणि १८४८ च्या मार्चमध्यें जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ज्याला वादांत हरवावयाचें होतें त्याच्याच मताशीं ते येऊन ठेपले. पण वाद हरल्यामुळें नव्हे, तर वाद संपून बोलणें सुरू झाल्यामुळें.

आतां कथेकडे वळावयाचें. ख्रिस्ती धर्माची कथा मराठींत प्रथम सांगितली गेली ती मिशनऱ्यांच्या मुंबईपूर्वीं दोनशें वर्षें, गोमंतकांत. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट १५७९ सालीं गोव्यास आला, आणि १६१६ सालीं त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. ग्रंथारंभींचा प्रसंग लक्षांत घेण्यासारखा आहे. ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंस विनवितो कीं, आमचीं जुनीं पुराणें आम्हांस वर्ज्य झालीं; तर त्यांच्या जागीं वाचावयास कांहीं द्या. म्हणजे या पुराणाचा जन्मच एका संभाषणांतून झाल्याचें कवि सांगतो. ओवी, आख्यान, गुरुशिष्यांचे प्रश्नोत्तर, हीं सर्व साधनें त्यानें येथल्याच भूमींतून उचललीं.

तथापि त्या विनवणीच्या मागें जें होतें तें विसरून चालणार नाहीं. गोमंतकांत तेव्हां पोर्तुगीज राजसत्ता होती, देवळें पाडलीं गेलीं होतीं, १५६० पासून धर्मन्यायसभा बसली होती. जुनीं पुराणें लोकांनीं आपण होऊन टाकलीं नव्हतीं, तीं त्यांच्या हातांतून काढून घेतलीं गेलीं होतीं. एवढी रसाळ कथा अशा दडपणाच्या छायेंत सांगितली जावी, हें त्या ग्रंथाचें दुर्दैव. आणि पुढें १६८४ सालीं त्याच सत्तेनें लोकांची स्वभाषाच बंद करण्याचें फर्मान काढलें, तेव्हां ज्या भाषेंत फादर स्टीफन्सनें ख्रिस्ताची कथा गाइली तिच्यावरच गदा आली. ज्या सत्तेस ऐकणाऱ्याचें स्वातंत्र्य नको असतें, तिला शेवटीं सांगणाऱ्याची भाषाही नकोशी होते.

इंग्रजी अमलांत राजसत्तेचें असें बळ मिशनऱ्यांच्या पाठीशीं नव्हतें. म्हणून कथेला स्वतःच्याच पायावर उभें राहावें लागलें. बेडफर्डच्या तुरुंगांत दिवस काढणाऱ्या जॉन बन्यनचा १६७८ सालचा रूपकग्रंथ हरि केशवजी यांनीं ‘यात्रिकक्रमण’ या नांवानें १८४१ सालीं मराठींत आणला. पापाचें ओझें पाठीवर घेऊन स्वर्गनगरीकडे चाललेल्या वाटसरूची ती कथा. तीर्थयात्रेला निघालेला मनुष्य महाराष्ट्रास परका नव्हता. वारी ज्याच्या अंगवळणीं पडली आहे त्यास असें पुस्तक समजावून सांगावें लागत नाहीं. १८५२ सालीं कलकत्त्यास हॅना कॅथरीन मुलेन्स या बाईनें ‘फुलमणि ओ करुणार विवरण’ हें बंगाली पुस्तक लिहिलें. त्यांत राजे नाहींत, राक्षस नाहींत. साध्या ख्रिस्ती बायकांचा संसार आहे. धर्म चुलीपाशीं, मुलांच्या आजारपणांत, शेजाऱ्यांच्या भांडणांत दिसला पाहिजे, ही दृष्टि त्या पुस्तकानें दिली.

बाबा पदमनजींनीं हीच दृष्टि मराठी घराकडे वळविली. बेळगांवांत १८३१ सालीं जन्मलेला हा कासार कुळांतला मुलगा मिशनच्या शाळांत शिकला, मुंबईंत परमहंस सभेच्या मंडळींत वावरला, आणि १८५४ सालीं बेळगांवींच ख्रिस्ती झाला. मिशनरी परदेशाहून आलेले. बाबांस मात्र माजघर ठाऊक होतें. दुपारीं बायका कशा बोलतात, सासू कोणत्या शब्दांत टोचते, केशवपनाच्या वेळीं न्हाव्यास कोणत्या दारानें आंत घेतात, हें त्यांस कोणाकडून ऐकावें लागलें नाहीं. १८५६ सालीं विधवाविवाहाचा कायदा झाला होता. कायद्यानें दार उघडलें, पण त्या दारांतून बाहेर पडण्याचें धैर्य कायदा देऊं शकत नव्हता. अशा वेळीं ‘यमुनापर्यटन’ निघालें.

त्यांतील यमुना मिशनच्या शाळेंत शिकलेली आणि मनानें ख्रिस्ताकडे ओढलेली आहे. तिचा नवरा विनायकराव सुविद्य व समंजस आहे. दोघें फिरतात, ठिकठिकाणीं विधवा भेटतात, आणि प्रत्येक जण आपली हकीकत सांगते. पुढें खुद्द यमुनेवरच वैधव्य कोसळतें. ज्या दुःखाच्या कहाण्या तिनें ऐकल्या, तें दुःख तिच्याच उंबऱ्यांत येऊन उभें राहतें. अखेर ती उघडपणें ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

कलेच्या कसोटीस हें पुस्तक लावलें तर त्याचे दोष लपत नाहींत. पात्रें पुष्कळदां बोलत नाहींत, प्रवचन देतात. कोणता प्रश्न विचारला कीं कोणतें उत्तर यावयाचें, हें वाचकास आधींच कळून चुकतें. जेथें लेखक बोध करूं लागतो तेथें कथा थांबते. परंतु जेथें विधवा स्वतः बोलूं लागते तेथें लेखक नकळत बाजूस होतो, आणि पुस्तक जिवंत होतें. आपलें म्हणणें पटवून देण्यासाठीं निघालेल्या तरुणानें त्या बायकांस आधीं बोलूं दिलें, आणि त्यांचें बोलणें मध्येंच तोडलें नाहीं, हें त्याचें खरें यश होय. समुद्रकिनाऱ्यावरच्या वादांत विधवेस जागा नव्हती. तेथें धर्माविषयीं बोलणारे सारे पुरुष होते. या पुस्तकांत प्रथमच धर्माची परीक्षा ग्रंथांतल्या वचनांवरून न होता एका बाईच्या आयुष्यावरून झाली.

कथेचें हें सामर्थ्य पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत अधिक स्पष्ट दिसतें. रमाबाई संस्कृतच्या गाढ्या विदुषी. शास्त्रार्थ त्यांस नवा नव्हता. १८८२ सालीं त्या पुण्यास आल्या तेव्हां तेथें त्यांची गांठ नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याशीं पडली. शास्त्री आतां फादर नेहेम्या गोऱ्हे झाले होते. एके काळीं काशीच्या खोलींत जें संभाषण त्यांच्या वांट्यास आलें होतें, तेंच त्यांनीं आतां दुसऱ्यास दिलें. १८८३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांत वाँटेज येथें रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. आपल्या बुद्धीचें समाधान होण्यास फादर गोऱ्हे यांच्या लेखनाचें साहाय्य झालें, हें त्यांनीं स्वतः नमूद करून ठेवलें आहे.

परंतु हृदय हलविणारी गोष्ट निराळी होती. लंडनजवळ फुलहॅम येथें वाँटेजच्या भगिनींनीं पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठीं आश्रम चालविला होता. अशा स्त्रियांस कोणी प्रेमानें वागवितो, हें पाहून रमाबाई चकित झाल्या. त्यांनीं कारण विचारलें, तेव्हां एका भगिनीनें त्यांस सिद्धान्त सांगितला नाहीं. शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. विहिरीवर पाण्यास आलेली, जातीनें हीन मानलेली, वर्तनानें दूषित ठरलेली एक बाई. आणि तिच्याजवळ प्यावयास पाणी मागून तिच्याशीं बोलत बसलेला ख्रिस्त. या प्रसंगांत कथा आणि संवाद एकत्र आले आहेत. गोष्ट सांगितली गेली ती एका प्रश्नाचें उत्तर म्हणून, आणि तो प्रश्न ऐकणारीनें स्वतः विचारलेला होता.

एवढ्यावरून संभाषणाचा मार्ग नेहमींच निर्दोष व निर्विवाद असतो, असें मात्र समजूं नये. १८८९ सालीं रमाबाईंनीं मुंबईंत शारदासदन काढलें आणि पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. सदनांत धर्माच्या बाबतींत तटस्थता राहील, असें अभिवचन होतें. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, आणि खोलीचें दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन येऊन बसूं लागल्या. १८९३ सालीं यावरून पुण्यांत वादळ उठलें. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून घेतल्या.

या प्रकरणीं दोन्ही बाजूंचें म्हणणें गंभीर आहे. आपल्या घरांत, आपल्या देवापुढें, दार उघडें ठेवून प्रार्थना करण्याचा अधिकार रमाबाईंस नव्हता काय? तो होताच. पण ज्या मुलीस जगांत दुसरा आसरा नाहीं, जिचें अन्न, वस्त्र व विद्या ज्या बाईच्या हातीं आहे, त्या बाईच्या उघड्या दाराशीं ती मुलगी किती मोकळेपणानें येते आणि किती मोकळेपणानें दूर राहते? पालकांची शंका सर्वस्वीं अन्यायाची होती, असें म्हणतां येत नाहीं. दोन माणसें बोलतात तेव्हां एकाजवळ देण्यासारखें पुष्कळ आणि दुसऱ्याजवळ गमावण्यासारखें पुष्कळ असेल, तर तें संभाषण समतोल राहणें कठीण असतें. उघडें दार आंत येण्यासाठीं जितकें उघडें, तितकेंच बाहेर राहण्यासाठींही असावें लागतें.

त्याच १८९३ सालीं आगगाडीच्या एका डब्यांत असें समतोल संभाषण घडलें. नारायण वामन टिळक हे तेव्हां एकतीस वर्षांचे कवि, नोकरीच्या शोधांत, आणि मनानें अस्वस्थ. नागपुराहून राजनांदगांवास जातांना त्यांच्या डब्यांत एक युरोपियन गृहस्थ होता. त्यानें टिळकांस आदरानें वागविलें आणि संस्कृत काव्याविषयीं गोष्टी काढल्या. बोलतां बोलतां विषय धर्माकडे आला. उतरण्यापूर्वीं त्यानें टिळकांस बायबलची एक प्रत दिली, वाचण्याचें वचन घेतलें, आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असें भाकीत केलें. टिळकांस त्याचें नांवही कळलें नाहीं. त्याच्याजवळ देण्यास नोकरी नव्हती, शाळा नव्हती, आश्रय नव्हता. आणि टिळकांनीं तें पुस्तक खिडकींतून फेकून दिलें असतें तरी त्यास तें कधीं कळलें नसतें.

टिळकांनीं वचन पाळलें. आरंभीं वाचन कर्तव्य म्हणूनच चाललें होतें. पण डोंगरावरील प्रवचनाशीं पोहोंचल्यावर पुस्तक हातावेगळें करणें त्यांस अशक्य झालें. १८९५ च्या फेब्रुवारीच्या दहा तारखेस मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

आणि मग घर फुटलें. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओंवळ्यांत वाढलेली. नवरा एका दिवसांत परका झाला. लहान मुलाला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयानें पंढरपुरास राहिल्या. पतिपत्नींच्या ताटातुटीचीं तीं वर्षें काय होतीं, हें लक्ष्मीबाईंनीं ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत सांगितलें आहे. त्याचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि मराठी वाचकानें, मग तो कोणत्याही धर्माचा असो, तो आपलासा केला.

पुढें लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या त्या धर्मांतर करून नव्हे. आपला स्वयंपाक, आपलें पाणी, आपलें सोवळें घेऊनच त्या आल्या. जो पुरुष चांगला वक्ता, शीघ्र कवि आणि तापट स्वभावाचा म्हणून प्रसिद्ध होता, त्यानें आपल्या बायकोला ख्रिस्ती करण्यासाठीं वाद घातला नाहीं. तिला तिच्या रीतीनें राहूं दिलें आणि वाट पाहिली. मनुष्याच्या स्पर्शानें पाणी कसें बाटतें, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनीं अखेर स्वतःच स्वतःला विचारला, आणि एकदां विचारल्यावर त्याचें उत्तरही स्वतःच दिलें. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. अनोळखी प्रवाशाचें बोलणें कांहीं तासांचें. नवऱ्याचें मौन कांहीं वर्षांचें. दुसऱ्याचें स्वातंत्र्य राखून केलेलें तेंही एक संभाषणच होतें.

कवि या नात्यानें टिळकांनीं जुन्या साधनांकडे पुन्हा धांव घेतली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. त्यांनीं भजनें रचिलीं, ख्रिस्ती कीर्तन केलें, ‘ख्रिस्तायन’ हें ओवीबद्ध काव्य आरंभिलें. तें अपुरें राहिलें, आणि त्यांच्या पश्चात् लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. फादर स्टीफन्सच्या ओवीशीं तीनशें वर्षांनीं पुन्हा धागा जुळला, पण या वेळीं मागें तलवार नव्हती. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनचें काम सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांसही त्यांत बसण्याची मोकळीक होती. १९१९ सालीं ते वारले. दरबार फार दिवस चालला नाहीं. परंतु आयुष्याच्या अखेरीस या मनुष्यानें आपल्या दाराचा उंबरठाच काढून टाकला, ही गोष्ट त्या दरबारच्या आयुष्याहून मोठी आहे.

या साऱ्या खटाटोपांतून किती लोक ख्रिस्ती झाले, हा हिशेब कोणी मांडील. पण वाङ्मयाच्या इतिहासांत दुसराही एक हिशेब आहे. हरि नारायण आपट्यांच्या ‘करमणूक’ पत्रांत १८९० पासून १८९३ पर्यंत ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येत होती. तिच्यांतही एक तरुण मुलगी आहे, तिच्यावर वैधव्य येतें, तिचें केशवपन होतें. आणि तिचेंही नांव यमूच. आपट्यांची यमू ख्रिस्ती होत नाहीं. तिला कोणी वाट दाखवीत नाहीं, लेखकही नाहीं. ती केवळ आपली हकीकत आपल्या तोंडानें सांगते, आणि वाचणाऱ्याची झोंप उडते.

बाबा पदमनजींच्या यमुनेनें जें उत्तर दिलें तें बहुसंख्य मराठी वाचकांनीं स्वीकारलें नाहीं. परंतु तिनें वाटोवाट जे प्रश्न गोळा केले, ते त्यांस टाळतां आले नाहींत. उत्तर सांगणाऱ्याचें राहिलें. प्रश्न मात्र ऐकणाऱ्यांचा झाला. १८५७ च्या किनाऱ्यावर कोण जिंकलें, हें आज कोणी विचारीत नाहीं. त्याच वर्षीं एका पुस्तकांत एक विधवा बोलूं लागली. आणि ती बोलून संपेपर्यंत मध्यें कोणी बोलूं नये, एवढी गोष्ट मराठी घर तेव्हांपासून हळूहळू शिकत आलें आहे.